एका नमुन्याचे तीन आकडे

४ मार्च

धाकटे,

तुझे यजमान काल फोनवर पाऊण तास बोलले. त्यातली पाच मिनिटं गाईंबद्दल होती, उरलेली माझ्या माणुसकीबद्दल. शेवटी म्हणाले, "ताई, तुम्ही घरच्याच आहात, काहीतरी बघा." सहा वर्षांत तुला माझी आठवण झाली नाही. परवाना अडकल्यावर झाली, तीही नवऱ्याच्या तोंडून. तू स्वतः फोनवर येणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून पत्र लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं आहे ते अंगठा दुखतो म्हणून. त्याचा दुसरा काही अर्थ काढू नकोस.

तर बघितलं. तुमच्या गोठ्याच्या दुधात डायक्लोफेनॅक आहे. सूज आणि दुखणं कमी करणारं औषध. दुभत्या गाईला ते द्यायला मनाई आहे, कारण ते दुधात उतरतं आणि ते दूध लहान मुलं पितात. तुमच्या गुरांच्या डॉक्टरने ते टोचलं असणार, तुम्ही दोघांनी डोळेझाक केली असणार, आणि आता तिघंही हात वर करताहात. एकवीस तारखेच्या सुनावणीत परवाना कायमचा जाईल, असं तुझे यजमान रडवेल्या आवाजात म्हणाले. जाईल. त्यासाठीच सुनावणी असते.

"मशीन चुकलं असेल," असंही ते म्हणाले. अक्कल पाजळायची हौस असलेल्या माणसाला थांबवू नये, म्हणून मी ऐकून घेतलं. तुला मात्र सांगते, कळेल अशा भाषेत, कारण दहावीला रसायनशास्त्रात तू काय दिवे लावलेस ते मला माहीत आहे. दुधातून आधी चरबी आणि प्रथिनं काढून टाकतात. उरलेला अर्क इवल्याशा काचेच्या कुपीत भरतात. मशीनची सुई कुपीच्या झाकणातून आत जाते आणि थेंबभर अर्क उचलते. तो थेंब बारीक भुकटीने ठासलेल्या एका नळीतून जोराने ढकलला जातो. प्रत्येक पदार्थ त्या भुकटीला कमीजास्त चिकटतो, म्हणून प्रत्येक जण आपापल्या वेळेला बाहेर पडतो. डायक्लोफेनॅक साडेसहाव्या मिनिटाला पडतं. पुढे दुसरं यंत्र त्या पदार्थाचं वजन करतं, त्याला फोडतं आणि तुकड्यांचंही वजन करतं. वेळ जुळली, वजन जुळलं, दोन्ही तुकडे जुळले, तुकड्यांचं आपसातलं प्रमाण जुळलं. चार साक्षीदार, चौघांची एकच जबानी. तुझ्या यजमानांच्या बाजूने एकही नाही.

आणि हो, मी मुद्दाम केलं असा संशय असेल तर तो काढून टाक. आमच्याकडे बाटली येते तिच्यावर फक्त नंबर असतो. दूध कोणाचं हे आम्हाला कळत नाही.

ताई

९ मार्च

धाकटे,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. सहा वर्षांनी चार ओळी, त्यातली एक तारखेची. बाबांच्या तेराव्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर तू मला म्हणाली होतीस, "तू इथे फक्त आमच्या चुका मोजायला येतेस." तेव्हा तरी तुला जास्त शब्द सुचले होते.

तू विचारलं आहेस, "रिपोर्टमध्ये एकाच बाटलीचे तीन आकडे का? ०.४, १.९ आणि ०.७. एका कॅनमधलं दूध तीनदा मापलं तर तीनदा सारखंच भरतं."

शाबास. कॅन आणि माप. आयुष्यभर गोठ्यात उभं राहिलं की जगात दुसरं काही दिसत नाही. अगं, इथे आपण लिटरच्या गोष्टी करत नाही आहोत. एका किलो दुधात मायक्रोग्रॅमचा दहावा भाग, एवढ्यावर मर्यादा आहे. दुधाचा नमुना नीट ढवळलेला नसला, साय एका बाजूला बसली, की आकडे मागेपुढे होतात. तिन्ही आकडे मर्यादेच्या वर आहेत. कमीत कमी आकडासुद्धा चौपट आहे. मी सरासरी काढून दिली आणि नमुना एकजीव नसावा अशी तळटीप टाकली. बत्तीस वर्षं मी हेच करते आहे आणि आजवर कुठल्याही साहेबाने मला तळटिपेचा जाब विचारलेला नाही. विचारला तो एका गवळणीने.

तुला वाटत असेल, घाईत उरकलं. उलट. त्या आठवड्यात अकरा गोठ्यांचे नमुने होते. दहा नमुन्यांच्या कुप्या आमच्या हातमोजेवालीने भरल्या. हातमोजेवाली म्हणजे माझी दुय्यम. सेहेचाळीस वर्षांची बाई, पण स्वतःची दुपारची पोळीसुद्धा हातमोजे घालून खाईल अशी. एक कुपी लावायला तिला माझ्या तिप्पट वेळ लागतो. तुझा नमुना मात्र मी तिला शिवू दिला नाही. तीन वेगळ्या दिवशी, दरवेळी नव्याने, पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्या हाताने केला. प्रत्येक कुपीचं झाकण लावून वरून अंगठ्याने दाबून पाहिलं, सैल राहिलं तर अर्क उडून जातो म्हणून. ही सवय मला माझ्या गुरूंनी लावली. आजकालच्या लोकांना ती जुनाट वाटते. त्यांचं त्यांच्यापाशी.

दहाच्या दहा नमुने स्वच्छ निघाले. तुझाच तेवढा निघाला नाही. आता मला सांग, मशीनने तुझंच काय घोडं मारलं होतं?

गाईंना चारा घालायचं सोडून आकडेमोड करत बसू नकोस.

ताई

१३ मार्च

धाकटे,

तुझ्या यजमानांनी काल आमच्या प्रयोगशाळेत जे केलं त्याबद्दल तुला काही माहीत आहे का, की तूच पाठवलं होतंस?

भर दुपारी बारा वाजता हातात पाच लिटरचा कॅन घेऊन ते स्वागतकक्षात उभे. वॉचमन अडवतो आहे, आणि हे मोठ्याने, "ताईंना बोलवा! आमच्या ताई आहेत आत! सख्ख्या मेहुणीने आमच्यावर ही वेळ आणली!" मग त्यांनी कॅनचं झाकण उघडलं, पेलाभर दूध ओतलं आणि वॉचमनच्या समोर घटाघट पिऊन टाकलं. म्हणे पुरावा! मायक्रोग्रॅमचा दहावा भाग जिभेला कळतो अशी त्यांची समजूत असेल तर आम्ही इथे उगाच कोट्यवधींचं यंत्र घेऊन बसलो आहोत. आम्हाला तुझे यजमान पुरले असते.

तमाशा साहेबांनी काचेतून पाहिला. आमचे साहेब म्हणजे एक चीज आहे. वीस वर्षांत त्यांनी पिपेट हातात धरलेली मी पाहिली नाही. सही मात्र सुरेख करतात. त्यांनी मला आत बोलावलं.

"तुमची बहीण आहे?"

"हो."

"बोलला नाहीत कधी."

"आडनाव वेगळं आहे."

"तसं नाही. नमुना कोणाचा ते तुम्हाला आधी माहीत होतं का?"

"बाटलीवर नंबर असतो, सर."

ते म्हणाले, त्याच दुधाची सीलबंद राखीव बाटली उघडा, तपासणी दुसऱ्या हाताने होऊ दे. दुसरा हात म्हणजे हातमोजेवाली. मला खोलीच्या बाहेर बसवलं. माझ्याच प्रयोगशाळेत, माझ्या खुर्चीवर तिला बसवून.

आज निकाल आला. तिला काहीही सापडलं नाही. साडेसहाव्या मिनिटाला रेघ सपाट.

नाचू नकोस एवढ्यात. तिने काहीतरी घोळ घातला असणार. अर्क काढताना औषध वाया घालवलं असेल, चुकीची बाटली घेतली असेल. दीड वर्षापूर्वी हीच बाई हाताला सुगंधी क्रीम लावून आली होती आणि तिच्या क्रीममुळे आमचे दोन दिवसांचे निकाल बाद झाले होते. मी तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, "इथे तपासायला येता की नटायला?" तेव्हापासून ती हातमोज्यांची झाली. उद्या मी स्वतः तिचं काम तपासते आणि तुम्हा सगळ्यांची तोंडं बंद करते.

ताई

१५ मार्च

धाकटे,

हे पत्र मी तीनदा फाडलं आहे.

काल सकाळी मी माझे जुने अर्क फ्रीजमधून काढले. कुप्या नव्हेत, कुप्या भरण्याआधीचा अर्क, तुझ्या नमुन्याचा, नळीत उरलेला. हातमोजेवालीला म्हटलं, यातून एक कुपी तुम्ही भरा, एक मी भरते. म्हणजे साहेबांना दाखवता येईल की खोट अर्कात नाही, तुमच्या हातात आहे. तिने नवे हातमोजे चढवले. ती कधीच काही बोलत नाही, याचाही मला राग येतो.

तिच्या कुपीत काही नव्हतं. माझ्या कुपीत होतं.

एकच नळी, एकच अर्क. मी पुन्हा केलं. पुन्हा तसंच, फक्त या वेळी माझा आकडा वेगळाच, २.६. मग मी दुधाचा नाद सोडला आणि कुपीत नुसतं शुद्ध पाणी भरलं. झाकण लावलं, अंगठ्याने दाबलं आणि मशीनमध्ये ठेवलं. साडेसहाव्या मिनिटाला रेघ उभीच्या उभी वर गेली. पाण्यात, धाकटे. ज्या पाण्याला कुठल्या गाईने तोंड लावलेलं नाही, त्या पाण्यात.

माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेला आहे. बत्तीस वर्षं पिपेटचं बटण दाबून दाबून. हाडांच्या डॉक्टरने डिसेंबरात मलम दिलं, दिवसातून तीनदा चोळायचं. मी दुपारचं जेवण झालं की चोळते, हात धुते आणि कामाला बसते. ट्यूबवर बारीक अक्षरात औषधाचं नाव छापलेलं आहे. मी दिवसभर दुसऱ्यांच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचते, त्याच्यासाठीच मला पगार मिळतो. ही ट्यूब तीन महिने माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि मी ती वाचली नाही असं मी म्हणणार होते. वाचली होती. नाव माहीत होतं. पण ते मलम माझं होतं, आणि दुधातलं औषध तुमचं होतं. दोन्ही एक असू शकतात हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही, कारण माझे हात स्वच्छ असतात. मी हातमोजे घालत नाही. मला लागत नाहीत.

झाकणाच्या मधोमध रबराची चकती असते. मी अंगठ्याने दाबते ती तिथेच, आणि मशीनची सुई आत शिरते तीही तिथूनच. म्हणून प्रत्येक वेळी आकडा वेगळा. अंगठा जितका जोरात दाबला तितकं औषध. तुझा प्रश्न बरोबर होता. मापलेलं दूध तीनदा सारखंच भरायला हवं होतं.

बाकीचे दहा नमुने स्वच्छ निघाले कारण ते तिच्या हातचे होते. डिसेंबरपासून, माझ्या अंगठ्यामुळे, सगळ्या कुप्या तीच भरते. तुझ्या एकटीच्या नमुन्याची मी एवढी काळजी घेतली, की त्यात तुझ्या गाईंनी घातलं नव्हतं ते मी घातलं.

तुमच्या डॉक्टरने काहीही टोचलं नव्हतं. त्याला तसं सांग. नको, राहू दे, मी सांगेन. तुमचं दूध किती दिवस ओतून टाकताहात? तुझे यजमान फोनवर म्हणाले होते, नांगरलेल्या शेतात ओततो, गाईंना दिसू नये म्हणून शेताच्या पलीकडच्या टोकाला जातो. मी तेव्हा हसले होते.

१७ मार्च

परवाचं पत्र टाकून झालं. त्याखाली नाव लिहायचं राहिलं.

काल साहेबांना सांगितलं. सगळं, क्रमाने, कागदांसह. ते ऐकता ऐकता पांढरे पडले, मग हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग आला. त्यांना मार्ग सुचला होता. "असं करू," म्हणाले, "फेरतपासणीत आढळले नाही, एवढंच लिहू. पहिला नमुना एकजीव नव्हता, ही तुमची तळटीप आहेच. गोठ्याला संशयाचा फायदा मिळेल, परवाना वाचेल. तुमच्या बहिणीचं काम झालं, आपलं नाव राहिलं. कोणाचं काय बिघडलं?"

मी ऐकत होते आणि मला किळस येत होती. त्यांची नव्हे. त्यांनी वापरली ती तळटीप माझी होती. चार ओळींच्या प्रश्नाला मी जे उत्तर म्हणून तुझ्या तोंडावर फेकलं, तेच त्यांनी उचलून माझ्या हातात दिलं.

संशयाचा फायदा म्हणजे काय हे तुला सांगायला नको. परवाना राहील आणि संशयही राहील. डेअरीवाले तुझं दूध वेगळ्या कॅनमध्ये घेतील, शेवटी घेतील, पुढे कधीतरी घ्यायचंच बंद करतील. तो डॉक्टर ज्या गोठ्यात जाईल तिथे लोक त्याच्या बॅगेकडे बघतील. एखाद्याने आळ घेतला आणि मग "जाऊ दे, सिद्ध झालं नाही" म्हणून सोडून दिलं, तर तो आळ कधी पुसला जातो का? माझ्या धंद्यात "आढळले नाही" आणि "नव्हते" हे दोन वेगळे निकाल आहेत. मी लोकांना हे शिकवते.

मी साहेबांना म्हटलं, खरं कारण लिहा नाहीतर मी लिहिते. ते म्हणाले, "सही करण्याचा अधिकार जाईल तुमचा. निवृत्तीला तीन वर्षं राहिली आहेत. विचार करा." विचार केला. सकाळी टाइप करून सही केली. बहुधा ती माझी शेवटची असेल. अंगठा दुखत होता, मलम न लावता केली.

हातमोजेवालीला प्रत दिली. तिने पूर्ण वाचली आणि म्हणाली, "मॅडम, मी त्या आठवड्यातच बघितलं होतं, तुम्ही मलम लावलेल्या अंगठ्याने झाकण दाबता ते. मला वाटलं बोलावं." मी विचारलं, मग बोलला का नाहीत? ती म्हणाली, "तुम्हाला?"

एवढंच. आणि ती हातमोजे चढवून कामाला बसली.

ताई

२२ मार्च

धाकटे,

काल सुनावणीला तू होतीस, म्हणून खरं तर सगळं तुला माहीत आहे. पण तू पहिल्या रांगेत माझ्याकडे पाठ करून बसली होतीस, आणि मधल्या एका ठिकाणी मी इतकी हळू बोलले की अधिकाऱ्यांना दोनदा विचारावं लागलं. ते तू ऐकलंस की नाही याची खात्री नाही. म्हणून लिहून ठेवते.

अंगठ्याचं, मलमाचं, झाकणाचं सगळं वाचून झालं. त्यांनी परवाना कायम केला, डॉक्टरवरची नोंद काढली, तुझे यजमान रडायला लागले. रडताना तो माणूस बरा वाटतो. मी जायला उठणार, तेवढ्यात अधिकारी म्हणाले, "एक प्रश्न. नमुना तुमच्या बहिणीचा आहे हे तपासणीच्या वेळी तुम्हाला माहीत होतं का?"

साहेबांना मी नाही सांगितलं होतं. तुला चार तारखेच्या पत्रात नाही लिहिलं होतं. दोन्ही खोटं. बाटलीवर नंबर असतो हे खरं, पण सीलच्या पट्टीवर मालकाची सही असते, आडवी, अर्धी पट्टीवर आणि अर्धी काचेवर. तुझी सही मी बाटली हातात घेतल्याबरोबर ओळखली. नियम आहे, ओळखीचा नमुना निघाला तर तो दुसऱ्याकडे द्यायचा. तो नियम मीच भिंतीवर लावलेला आहे.

मी म्हटलं, "हो, माहीत होतं."

"मग स्वतः का तपासलात?"

तिथे मला सांगता आलं असतं की बहिणीच्या बाबतीत चूक होऊ नये म्हणून. लोकांना ते आवडलं असतं. तुझ्या यजमानांनी तर मला मिठीच मारली असती. मी म्हटलं, "मला वाटत होतं, काहीतरी सापडावं."

त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हटलं. सभागृहात कोणीतरी खाकरलं.

आता तुला पुरतं सांगते. पहिल्या दिवशी साडेसहाव्या मिनिटाला रेघ वर चढायला लागली, तेव्हा मला आनंद झाला. साधासुधा नाही, पोटातून. सहा वर्षं मी त्या तेराव्या दिवसाचं वाक्य उशाला घेऊन झोपले होते. गोठा तुला मिळाला, बाबांची शेवटची वर्षं तुला मिळाली, लोकांची शाबासकी तुला मिळाली. मला मिळालं होतं ते एक वाक्य, तेही तुझं. आणि आता तुझं दूध नासकं आहे हे सांगायला मला तोंड उघडावंसुद्धा लागणार नव्हतं, मशीन सांगणार होतं. पुढच्या दोन्ही दिवशी मी पुन्हा केलं ते खात्रीसाठी नव्हे. मला ती रेघ पुन्हा बघायची होती. अंगठा मी जरा जोरातच दाबला असेन.

बाहेर व्हरांड्यात तू गाडीच्या किल्ल्या शोधत होतीस. मला वाटलं, निघून जाशील. तू थांबलीस. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि मला ते जमेना, कारण आयुष्यात ते मी कधी केलेलं नाही. मी म्हटलं ते भलतंच. म्हटलं, "पण तुला कसं कळलं? रसायनशास्त्रातलं तुला ओ की ठो कळत नाही, आणि तू नेमका आकड्यांचाच प्रश्न विचारलास."

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर मी सहन केलं असतं.

"ताई," तू म्हणालीस, "माझ्या गाईंबद्दल मला खात्री होती. तुझ्या मशीनबद्दलही होती."

मग तू गाडीत बसलीस, आणि यजमानांनी माझ्यासाठी मागचं दार उघडून धरलं होतं ते तू आतून हात लांबवून बंद केलंस.